मोटारसायकलींचे संग्रहमूल्य (भारत)

जुन्या मोटारसायकलीला संग्राहक किती किंमत देतील, याचा अंदाज घेताना वय फारसे उपयोगी पडत नाही. मूळ रूप कितपत टिकले आहे, कागदपत्रे कशी आहेत आणि ती गाडी कोणत्या पिढीला हवीहवीशी वाटत होती, यांवर बरेच काही ठरते.

राजदूत ३५० हे त्याचे ठळक उदाहरण. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने ती १९८३ पासून भारतात बनवली. इंजिन ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, गिअर सहा. मूळ जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. मायलेजच्या हट्टापायी इथे ती सुमारे ३० वर आणली, पुढे २७ वर. तरी पेट्रोल खाणे काही थांबले नाही. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि दशक सरता सरता उत्पादन थांबले. आज सुरुवातीच्या जास्त ताकदीच्या ‘एचटी’ला (हाय टॉर्क) नंतरच्या ‘एलटी’पेक्षा (लो टॉर्क) मागणी अधिक. मात्र स्टिकर कुणीही चिकटवू शकतो, त्यामुळे जाणकार इंजिनच तपासतात. भारतीय गाडीला पुढे ड्रम ब्रेक होता. पुष्कळांनी तिथे डिस्क बसवली आहे. गाडी चालवायला ते शहाणपणाचे, संग्रहासाठी नाही.

केवळ दुर्मीळ असूनही भागत नाही. झुंडाप या जर्मन कंपनीच्या आराखड्यावर बनलेली एनफिल्ड फ्युरी क्वचितच दिसते, पण तिच्यासाठी आरडीइतका जीव कुणी टाकत नाही. उलट यामाहा आरएक्स १०० एके काळी गल्लोगल्ली होती, तरी चांगली गाडी मिळाली तर भाव चढाच.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा तयार होत. पुढे त्याच घराण्याची गाडी येझदी झाली. टाकीवर ‘जावा’ असलेल्या गाडीला साहजिकच मान अधिक, आणि म्हणूनच येझदीला जावाचा साज चढवून विकण्याचे प्रकारही चालतात. अशा वेळी आरसी बुकातले इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहण्याला पर्याय नाही. चकचकीत नवा रंग पाहून भुलू नये. मूळ पत्रा आणि जुना, विटका रंग पुष्कळदा जास्त मोलाचा ठरतो.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी वाहने ‘व्हिंटेज’ ठरतात. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण रोजच्या वापराला परवानगी नसते. सर्वांत पहिली राजदूत ३५० देखील २०३३ पूर्वी या व्याख्येत बसणार नाही. बाजार मात्र तोवर थांबलेला नाही.