कंपासला न जमणारी आकृती

अभियांत्रिकी पदविकेच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंग शीटवर लंबवर्तुळ आले की एकाच आकृतीसाठी इतक्या पद्धती कशाला, असे मुले हमखास विचारतात. समकेंद्री वर्तुळांची पद्धत, आयताची पद्धत, दोन नाभींवरून, म्हणजे मोठ्या अक्षावरच्या दोन ठरलेल्या बिंदूंवरून, कंस मारण्याची पद्धत. पुढे आयसोमेट्रिकमध्ये, म्हणजे वस्तूच्या तिन्ही बाजू एकत्र दाखवणाऱ्या तिरक्या चित्रात, चार केंद्रांची. पहिल्या तिन्हींतून हाती लागतात ते नुसते बिंदू, ते फ्रेंच कर्व्हने, म्हणजे वळणदार पट्टीने, जोडत बसावे लागते. चौथीत रेघ सलग येते, पण ते खरे लंबवर्तुळ नसते. कंपास एका वेळी एकच त्रिज्या धरतो आणि लंबवर्तुळाचा बाक तर पावलागणिक बदलतो. ही अडचण ग्रीकांपासूनची आहे, आणि तिच्यावरचे उपायही तितकेच जुने आहेत.

शंकू तिरका कापला की ही आकृती मिळते, हे ग्रीकांना इ.स.पू. चौथ्या शतकातच ठाऊक होते. इ.स.पू. २०० च्या सुमारास पर्गा गावच्या अपोलोनियसने शंकुच्छेदांवर, म्हणजे शंकू कापून मिळणाऱ्या आकृत्यांवर, आठ खंड लिहिले. त्यांपैकी चार मूळ ग्रीकमध्ये उरले, तीन अरबी भाषांतरामुळे वाचले, आठवा हरवला. लंबवर्तुळावरच्या कोणत्याही बिंदूपासून दोन्ही नाभींपर्यंतच्या अंतरांची बेरीज मोठ्या अक्षाइतकी भरते, हे तिसऱ्या खंडात सिद्ध केले आहे. याच सिद्धांतावर दोरीने लंबवर्तुळ काढण्याची युक्ती उभी आहे. ती लिहिलेली सापडते मात्र सहाव्या शतकात, अँथेमियसच्या लेखनात. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा हा एक रचनाकार. एका बिंदूतून निघालेले किरण दुसऱ्या बिंदूवर गोळा करणारा आरसा कसा घडवावा, याचा विचार करताना त्याने दोरी वापरली.

लांबी १० सेंमी आणि रुंदी ६ सेंमी हवी असेल तर दोन्ही अक्ष काटकोनात आखा. कंपासमध्ये ५ सेंमी घ्या, टोक लहान अक्षाच्या शेवटावर ठेवा आणि मोठ्या अक्षाला दोन्हीकडे छेद द्या. केंद्रापासून ४-४ सेंमीवर नाभी मिळतात. तिथे टाचण्या रोवून, दोन टाचण्यांमध्ये १० सेंमी दोरा राहील असा बांधून, पेन्सिलीने ताणत फिरवले की झाले. कागदावर दोरा ताणतो आणि गाठ सरकते, म्हणून सुबक काम होत नाही. बागेतला वाफा किंवा कमानीचा साचा जमिनीवर आखायला मात्र याहून सोपे काही नाही.

कागदावर मला पट्टीची पद्धत जास्त आवडते. कागदाच्या पट्टीच्या कडेवर एका टोकाशी एक खूण करा. तिथपासून ३ सेंमीवर दुसरी आणि ५ सेंमीवर तिसरी. दुसरी खूण मोठ्या अक्षावर आणि तिसरी लहान अक्षावर राहील अशी पट्टी सरकवत न्या; पहिली खूण लंबवर्तुळावरूनच फिरते. रेषाखंडाची दोन टोके दोन काटकोनी रेषांवर सरकली तर बरोबर मध्यबिंदू सोडून त्यावरचा कोणताही बिंदू लंबवर्तुळ काढतो, असे पाचव्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ प्रोक्लसने युक्लिडवरच्या भाष्यात नोंदवले आहे. खाचांत सरकणाऱ्या ठोकळ्यांचे जे उपकरण सुतार वापरतात, ते याच तत्त्वावर चालते. त्याला आर्किमिडीजचे नाव चिकटले आहे, पण ते त्याचेच होते याला भक्कम पुरावा नाही.

कंपासच सुधारून पाहण्याचे काम दहाव्या शतकात अल-कुही या गणितज्ञाने केले. त्याच्या ‘परिपूर्ण कंपास’चा एक पाय तिरका रोवलेला असतो, दुसरा त्याच्याशी ठरलेला कोन राखून फिरतो आणि त्यातली लेखणी वरखाली सरकत सतत कागदाला टेकलेली राहते. फिरणारा पाय हवेत शंकू काढतो, कागद तो शंकू कापतो! ग्रीकांची व्याख्याच यंत्रात उतरली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे.

युरोपात १५२५ मध्ये जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने शंकूचे दर्शन (समोरून दिसणारे चित्र) आणि आराखडा (वरून दिसणारे चित्र) मांडून छेदाचे बिंदू एकेक करून उतरवले. रीत बरोबर होती, आकृती मात्र अंड्यासारखी आली, एका टोकाला रुंद. शंकू खाली रुंद होत जातो, तेव्हा छेदही तिकडे रुंदावणार, असे त्याला वाटले असावे. इतक्या सिद्धहस्त चित्रकारालाही बिंदू जोडताना डोळ्याने फसवले.

इमारती बांधणारे दुसऱ्या वाटेने गेले. इटालियन वास्तुकार सेर्लिओने १५४५ मध्ये नुसत्या कंपासने काढायच्या लांबट आकृत्या दिल्या. त्यातली एक करून बघण्याजोगी आहे. ४ सेंमी त्रिज्येची दोन वर्तुळे अशी काढा की प्रत्येक दुसऱ्याच्या केंद्रातून जाईल. ती जिथे छेदतात त्या दोन बिंदूंवर कंपास ठेवून ८ सेंमीचे कंस मारा. हे कंस वर्तुळांना अलगद स्पर्श करतात आणि सुमारे १२ सेंमी लांब, ९ सेंमी रुंद अशी बंद आकृती तयार होते. रोमच्या सेंट पीटर्स चौकाच्या आखणीतही अशीच दोन वर्तुळे आहेत.

याला खोटे लंबवर्तुळ म्हणून हिणवणे चूक आहे. कमानीला जाडी असते. आतल्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर बाहेरची कड हवी, तर खऱ्या लंबवर्तुळापासून मिळणारी ती रेघ लंबवर्तुळ नसते. कंसांच्या बाबतीत तीच केंद्रे ठेवून त्रिज्या वाढवली की काम भागते. शिवाय दगडांचे सांधे कडेला काटकोनात लागतात. इथे ते सरळ केंद्राच्या दिशेने आखता येतात, आणि एका कंसातले सगळे दगड एकाच साच्यावर घडतात. म्हणूनच पॅरिसजवळ नूईला १७७४ मध्ये पुरा झालेला पूल बांधताना फ्रेंच अभियंता पेरोनेने कमानी अकरा केंद्रांवरून आखल्या.

आकाशातल्या लंबवर्तुळाला असल्या सवलती चालत नाहीत. मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०९ मध्ये जाहीर केले, पण त्याआधी तोही अंडाकृती कक्षेवर बराच काळ अडला होता. मंगळाच्या कक्षेचा लहान अक्ष मोठ्याहून अर्ध्या टक्क्यानेही कमी नाही. तेवढा फरक कोणत्याही कंपासला दाखवता आला नसता. तो खगोलनिरीक्षक टायको ब्राहेच्या निरीक्षणांतून गणिताने काढावा लागला.

ड्रॉइंग बोर्ड मागे पडला तरी हा पेच मिटला नाही. ऑटोकॅड या संगणकावर आरेखन करण्याच्या प्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या लंबवर्तुळ म्हणून कंसांची जोडसाखळीच काढत. खरे लंबवर्तुळ त्यात १९९४ च्या तेराव्या आवृत्तीपासून आले. आजही त्यात लंबवर्तुळाला ऑफसेट दिला, म्हणजे सारख्या अंतरावरची रेघ काढली, तर मिळते ती स्प्लाइन नावाची जुळवलेली वक्र रेघ, लंबवर्तुळ नव्हे.