मामाच्या पाठीवरची गाठ आणि कडकपणा मोजणारी सोनोग्राफी

माझा मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला असतो. हळकुंड कट्टकन मोडायचं, आवाज ऐकायचा आणि नीट वाळलंय की नाही ते सांगायचं, यात त्याची तीस वर्षं गेली. त्यामुळे खांद्याच्या मागं लिंबाएवढी गाठ आली तेव्हा ती त्यानं स्वतःच दाबून बघितली, "मऊ हाय, सरकतीया, चरबीचीच असणार" म्हणत दोन वर्षं तशीच ठेवली, आणि शेवटी मामीनं मागं लागून लागून त्याला मिरजेला सोनोग्राफीला नेलं. सोबत मी.

तिथं डॉक्टरांनीपण आधी बोटानंच दाबून बघितली! पण बोटाला आकडा सांगता येत नाही, आणि गाठ खोल असली की काही कळतच नाही. साध्या सोनोग्राफीत चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, बहुतेक वेळा लांबट, कातडीला समांतर आडवी पडलेली, आत बारीक रेघा असलेली दिसते, पण ती किती कडक हे त्या चित्रात नसतं. त्यासाठी इलास्टोग्राफी, म्हणजे कडकपणा मोजणारी सोनोग्राफी.

1991 मध्ये अमेरिकेत जोनाथन ओफिर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली आयडिया तशी सोपीय. मळलेल्या कणकेत सुपारी राहिली आणि वरून हात दाबला तर कणीक चेपते, सुपारी तशीच. तसं प्रोब, म्हणजे सोनोग्राफीत अंगावर फिरवतात तो दांडा, हलकासा दाबायचा, दाबायच्या आधीचे आणि नंतरचे सिग्नल ताडून कुठला भाग किती चेपला ते काढायचं आणि त्याला रंग द्यायचे. शेजारची चरबी किती चेपली आणि गाठ किती, असा रेशो पण काढतात.

दुसरी पद्धत मला जास्त आवडली, आणि मिरजेसारख्या सतारींच्या गावात बसून ती कळायला सोपी. सतारीची तार ताणली की तिच्यातनं लाट जोरात पळते, ढिली केली की रेंगाळते. इथं मशीन आवाजाचाच एक जोरदार धक्का आत सोडतं, मांस मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावं इतकंच हलतं आणि तिथून आडव्या लाटा पसरतात. सोनोग्राफीचा नेहमीचा आवाज शरीरात सेकंदाला साधारण 1540 मीटर पळतो, या लाटा मात्र सेकंदाला 1 ते 10 मीटरच, म्हणजे काही तर आपल्या चालण्याच्या वेगाच्या! मशीन सेकंदाला हजारो फोटो काढून त्यांना गाठतं आणि वेगावरून कडकपणा किलोपास्कल या दाबाच्या मापात देतं. वेग दुप्पट तर कडकपणा चौपट, सेकंदाला 1 मीटर वेगाला 3 किलोपास्कल आणि 2 मीटरला 12. निव्वळ पाण्याच्या गाठीत या लाटा जातच नाहीत, तिथं रंगच भरत नाही.

या पद्धतीत धक्का मशीनच देतं, म्हणून डॉक्टर भरपूर जेली लावून प्रोब अगदी अलगद धरून बसले होते. मामाला राहवेना, "जरा दाबून बघा की डॉक्टर." ते हसले, "काका, मी दाबलं तर मऊ गाठपण कडक दिसंल, मग तुम्हालाच घोर." म्हणजे एवढं भारी मशीन, पण हात कच्चा असेल तर आकडा चुकणार.

रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला आणि सगळं निळं का दिसतंय म्हणून पुण्याहून फोन! काही मशीनवर निळं म्हणजे मऊ, काहींवर बरोब्बर उलटं, बाजूची रंगपट्टी बघितल्याशिवाय काही अर्थ काढू नये.

आता खरी अडचण. कडक म्हणजे वाईट, असं नाही. कातडीखाली केराटिन, म्हणजे केसा-नखांतलं प्रथिन, साठून झालेली गाठ बऱ्यापैकी कडक लागते आणि तरी साधीच असते. उलट मिक्झॉइड लायपोसारकोमा हा कॅन्सर असूनही जेलीसारखा मऊ असू शकतो, मऊ म्हणून सोडला तर फसलात. म्हणून इलास्टोग्राफी एकटी निकाल देत नाही, सोनोग्राफीचं चित्र, डॉपलर या रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत गाठीत दिसणारं रक्त आणि पेशंटची हकीकत यांच्या जोडीनंच ती वाचायची. गाठ 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी, खोल स्नायूत किंवा भराभर वाढणारी असेल तर रंग काहीही येवो, एमआरआय आणि गरजेप्रमाणे बायोप्सी लागतेच.

मामाची साडेतीन सेंटीमीटर, कातडीखालीच, आजूबाजूच्या चरबीइतकीच मऊ. डॉक्टरांनी माप लिहून दिलं, सहा महिन्यांनी परत या म्हणाले. मामीनं घरी येऊन पहिलं काम काय केलं तर कॅलेंडरवर तारखेला गोल केला.