जीवाणूंच्या रायबोसोममधील प्रथिने

जीवाणूच्या पेशीत अमिनो आम्ले जोडून प्रथिने बनवणारा कण म्हणजे रायबोसोम. तो स्वतः रायबोसोमी आरएनए आणि प्रथिने मिळून बनतो. वजनात आरएनए सुमारे दोन तृतीयांश, बाकीची प्रथिने. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूच्या ७०एस रायबोसोमात (इथला एस म्हणजे कण किती वेगाने तळाशी बसतो ते मोजणारे एकक) लहान (३०एस) भागात २१ आणि मोठ्या (५०एस) भागात ३३ अशी ५४ प्रथिने असतात.

प्रथिनांच्या नावात लहान भागातल्यांना एस (स्मॉल), मोठ्या भागातल्यांना एल (लार्ज), आणि पुढे क्रमांक. मोठ्या भागात क्रमांक ३६ पर्यंत जातात, पण प्रथिने ३३च. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. एल७ हे एल१२चेच रूप, फक्त टोकाला अॅसिटिल गट जडलेले. एल८ हे वेगळे प्रथिन नसून एल१० व एल१२ यांचा जुडगा निघाला. एल२६ म्हणजे लहान भागातलेच एस२०. बहुतेक प्रथिनांची एकेकच प्रत असते. एल७/एल१२च्या मात्र ई. कोलायमध्ये चार, आणि त्यांचा लवचीक देठ बाहेर डोकावत असतो. भाषांतराला, म्हणजे आरएनएवरचा संदेश वाचून प्रथिन बनवण्याला, मदत करणारे घटक तोच ओढून घेतो.

अमिनो आम्ले जोडण्याचे रासायनिक काम मुख्यतः आरएनएच करतो. त्याची घडी नीट बसवणे आणि टिकवणे हे प्रथिनांचे काम. काहींच्या लांब शेपट्या थेट आरएनएच्या गाभ्यात शिरलेल्या असतात. मसायासू नोमुरा यांनी १९६८ साली सुटी प्रथिने आणि लहान भागातला १६एस आरएनए परीक्षानळीत एकत्र करून चालता ३०एस भाग उभा केला. रायबोसोमच्या रचनेसाठी २००९चे रसायनशास्त्राचे नोबेल वेंकटरमण रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळाले.

एस१२ या प्रथिनाचा संबंध नाशिक जिल्ह्यातल्या डाळिंबबागांपर्यंत पोचतो. सटाणा, मालेगाव, देवळा भागात ‘तेल्या’ म्हणजे झँथोमोनास जीवाणूचा रोग: पानावर तेलकट ठिपके, फळावर काळा डाग आणि त्याच जागी तडा. त्यावर शेतकरी बरीच वर्षे स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांची पूड पाण्यात मिसळून फवारत आले. स्ट्रेप्टोमायसिन एस१२शेजारी १६एस आरएनएला चिकटते आणि संदेश चुकीचा वाचायला लावते. क्षयाच्या जीवाणूत एस१२मधल्या ४३व्या जागचे लायसिन हे अमिनो आम्ल जाऊन आर्जिनिन आले, की औषध निष्प्रभ ठरते. असा बदल झालेल्या जीवाणूवर मात्रा वाढवूनही उपयोग होत नाही, आणि तेच औषध पुन्हापुन्हा वापरले की टिकून वाढतात ते नेमके हेच जीवाणू.