होमस्टेड हायस्कूल : ॲपलच्या आधीची गोष्ट

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोचं होमस्टेड हायस्कूल म्हटलं, की ॲपल काढणारे दोन्ही स्टीव्ह इथलेच, हे वाक्य ठरलेलं. खरंच आहे ते. पण स्टीव्ह वॉझ्नियाक १९६८ साली इथून बाहेर पडला आणि स्टीव्ह जॉब्ज १९७२ साली, म्हणजे शाळेत ते कधी एकत्र नव्हतेच. १९७१मध्ये बिल फर्नांडेझने त्यांची गाठ घालून दिली, तोही होमस्टेडचाच. शाळेने ॲपल घडवलं असं सर्रास म्हटलं जातं, ते मला उलटं वाटतं. भोवतालच्या खोऱ्याने आधी ही शाळा घडवली.

सांता क्लारा खोरं, म्हणजे आजची सिलिकॉन व्हॅली, पूर्वी फळबागांचं होतं : जर्दाळू, चेरी, आलुबुखार. शेजारच्या सनीवेलमध्ये फळं डबाबंद करणारे मोठे कारखाने होते. १९५६मध्ये लॉकहीड या विमानं बनवणाऱ्या कंपनीचा क्षेपणास्त्र विभाग सनीवेलला आला, पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांचा पसारा वाढला. बागा तोडून घरांच्या कॉलन्या उठल्या आणि त्या घरांत शाळेच्या वयाची पोरं होती. सनीवेल हायस्कूल १९५६, क्युपर्टिनो हायस्कूल १९५८, होमस्टेड १९६२, लिनब्रुक १९६५, मोंटा व्हिस्टा १९६९ : फ्रीमाँट युनियन या एकाच स्कूल डिस्ट्रिक्टने (ठरलेल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) दीड दशकाच्या आत पाच हायस्कुलं काढली.

इतक्या घाईत जशा इमारती व्हायच्या तशीच ही झाली. बैठ्या, लांबट इमारती, मधे मोकळं आवार, आणि वर्गाचं दार उघडलं की थेट बाहेर, छपराखालच्या वाटेवर. तिथे बर्फ पडत नाही, त्यामुळे बंदिस्त व्हरांड्यांवर खर्च करायचं कारण नव्हतं. सरकारी शाळा, फी नाही, नववी ते बारावी.

आवाराच्या कडेला, पार्किंगला लागून शेडवजा इमारतीत जॉन मॅक्कलम यांचा इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग भरायचा. मॅक्कलम पूर्वी नौदलात होते, शिस्तीचे पक्के. वर्गात सुट्या भागांचा साठा होता आणि कंपन्यांत ओळखी होत्या. वॉझ्नियाकला शिकवण्यासारखं उरलं नाही तेव्हा त्यांनी त्याला सिल्व्हेनिया कंपनीत संगणकावर काम करायला पाठवण्याची सोय केली. जॉब्जचं मात्र त्यांच्याशी फारसं जमलं नाही. वर्षभरातच त्याने तो विषय सोडला. कारखाने हाकेच्या अंतरावर नसते, तर ही शेड नुसतीच शेड राहिली असती.

वॉझ्नियाकचा एक उद्योग इथेच घडला. त्याने टिकटिकणारं मेट्रोनोम (संगीतात लय धरायला वापरतात ते यंत्र) आणि लेबलं काढलेल्या बॅटऱ्या बांधून बाँबसारखं काहीतरी एका लॉकरमध्ये ठेवलं. मुख्याध्यापक ते छातीशी धरून फुटबॉलच्या मैदानावर पळाले आणि तिथे त्यांनी तारा उपटल्या. वॉझ्नियाकला एक रात्र बालसुधारगृहात काढावी लागली. आज असं झालं असतं तर प्रकरण एका रात्रीत मिटलं नसतं.

जॉब्जचं इथे येणंही खोऱ्याच्या हिशेबातच बसतं. आधीच्या शाळेत त्याला त्रास व्हायचा, म्हणून आईवडिलांनी होते नव्हते ते पैसे गोळा करून १९६७मध्ये शेजारच्या लॉस आल्टोस गावात २१,००० डॉलरचं घर घेतलं. ते क्युपर्टिनोच्या शाळांच्या हद्दीत येत होतं, हाच त्याचा मोठा गुण. पुढे त्याच घराच्या गॅरेजमध्ये ॲपलचं काम सुरू झालं.

सत्तरच्या दशकात कॉलन्यांतली मुलं मोठी झाली, पट घसरला. त्यात १९७८च्या प्रपोझिशन १३ने, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने, मालमत्ता कराला लगाम घातला, आणि शाळांचा मोठा पैसा त्याच करातून यायचा. सनीवेल हायस्कूल १९८१मध्ये बंदच झालं. होमस्टेड टिकलं. संगणक-उद्योगाच्या पुढच्या लाटांनी नवी कुटुंबं आणली, चिनी, भारतीय. त्यांत आपली मराठी घरंही आली. इमारतींच्या कामांसाठी मतदारांनी कर्जरोखे मंजूर केले, २०१४मध्ये तर २९.५ कोटी डॉलरचे. शाळेजवळच मेरी ॲव्हेन्यूच्या टोकाला हायवे २८० ओलांडणारा पादचारी-सायकल पूल २००९मध्ये झाला. हायवेपलीकडच्या मुलांना शाळा गाठणं त्यामुळे सोपं झालं. होमस्टेड रोडवरच पूर्वेला तीनेक किलोमीटरवर ॲपल पार्क, म्हणजे ॲपलचं मुख्यालय, लागतं.

हद्दीचा नियम अजून तोच आहे. सनीवेल, क्युपर्टिनो आणि लॉस आल्टोसच्या ठरलेल्या भागांतल्या मुलांनाच इथे प्रवेश, आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. बदललं ते एवढंच, की क्युपर्टिनोतलं साधं स्वतंत्र घर आता वीस लाख डॉलरच्या खाली मिळणं मुश्कील.