अमेरिकेत सीआयएस शिकायचंय? आधी सीआयपी कोड विचारा

अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठांत कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स, म्हणजे सीआयएस, कुठे संगणक विभागात शिकवतात, तर कुठे बिझनेस कॉलेजात. डेटाबेस, प्रोग्रामिंग, सिस्टिम ॲनालिसिस दोन्हीकडे असतं. खरा फरक पडतो तो अभ्यासक्रमाला लावलेल्या सीआयपी कोडमुळे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या विषय-वर्गीकरणातल्या क्रमांकामुळे, आणि पुष्कळांना तो आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र, हातात पडल्यावरच दिसतो.

शिक्षण संपल्यावर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर १२ महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयातलं काम करता येतं. कोड सरकारच्या 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) यादीत असेल आणि कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेली असेल, तर आणखी २४ महिने मागता येतात. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीचा ११.०१०३ आणि इन्फर्मेशन सायन्सचा ११.०४०१ हे कोड यादीत आहेत. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्सचा ५२.१२०१ नाही. पदवीच्या नावावरून यातलं काही कळत नाही. तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी ॲडमिशन ऑफिसला एका ओळीचा ईमेल टाकून कोड विचारा. रँकिंग नंतर बघता येईल.

पात्रता

बी.ई., बी.टेक.वाल्यांना एमएससाठी फारशी अडचण येत नाही. बीसीए, बीएससी, बीकॉमच्या ३ वर्षांच्या पदवीला मात्र काही विद्यापीठं चालवून घेतात, काही सरळ नाही म्हणतात, काही वेससारख्या (WES), परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन मागतात. पदवी संगणकाबाहेरची असेल तर सशर्त प्रवेश मिळू शकतो: आधी पायाभूत कोर्स करायचे, ज्यांचे क्रेडिट सहसा पदवीत धरत नाहीत. फी मात्र धरतात! आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ६ ते ६.५ बँड मागतात. जीआरई ही प्रवेश परीक्षा अनेक ठिकाणी लागत नाही.

कागदपत्रं

पासपोर्ट, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, एसओपी (हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणारा निबंध), शिफारसपत्रं आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा एकत्रित उतारा. ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो, तो अर्ज सगळ्यात आधी करा.

नावाचा घोळ इथेच होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, कधी आईचंही नाव असतं. पासपोर्टवर मांडणी वेगळी. अर्जात, आयईएलटीएसमध्ये, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा.

पैशांचा पुरावा

आय-२० साठी किमान पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. बँक स्टेटमेंट, मुदत ठेव, शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र चालतं. वडील किंवा काका खर्च करणार असतील तर त्यांचं प्रायोजकपत्र जोडा. घर आणि सातबारा इथे सहसा उपयोगाचे नाहीत. रक्कम लगेच काढता येण्याजोगी हवी. राज्य विद्यापीठांत अमेरिकेतल्याच परराज्यातल्यांसाठी असलेली जादा फी परदेशी विद्यार्थ्यांनाही लागते, पण काही विद्यापीठं त्यात सवलत देतात. ती मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही.

प्रवेशानंतर

आय-२० आला की पहिल्या पानावरचा कोड आणि नावाचं स्पेलिंग तपासा. चूक असेल तर व्हिसा मुलाखतीआधीच दुरुस्त करून घ्या. मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा) ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, व्हिसा अर्जाची १८५ डॉलर फी, बोटांचे ठसे आणि मुलाखत. फी भरल्याच्या पावत्या मुलाखतीला सोबत ठेवा. व्हिसा लवकर मिळाला तरी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, म्हणून तिकीट ती तारीख बघूनच काढा.