पांढरं पडलेलं प्रवाळ आणि मेलेलं प्रवाळ

गोव्यातल्या ग्रँड बेटाजवळ पाण्यात डोकावलं आणि पांढरंफटक प्रवाळ दिसलं की बोटीवर निकाल लागलेला असतो: 'मेलंय ते.' हा निकाल महागात पडतो. मेलेलंच आहे म्हटल्यावर त्यावर नांगर पडला काय नि कुणी फिन (पोहताना पायात घालायचे रबरी पंख) टेकवून उभा राहिला काय, कुणाला त्याचं काहीच वाटत नाही. पण पांढरं पडलेलं प्रवाळ बहुतेकदा आजारी असतं, मेलेलं नसतं.

प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंग मुख्यतः त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा. प्रवाळाच्या अन्नाचा मोठा वाटा, काही जातींत नव्वद टक्क्यांपर्यंत, हीच शैवालं पुरवतात. पाण्याचं तापमान तिथल्या नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीच्या एक अंश वर जाऊन महिनाभर तसंच राहिलं की ही भागीदारी मोडते आणि शैवालं बाहेर पडतात. उरतं ते पारदर्शक मांस. त्यातून खालचा चुन्याचा सांगाडा दिसतो, म्हणून प्रवाळ पांढरं. ते उपाशी असतं, पण जिवंत. पाणी वेळेत निवलं तर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत रंग परततो; लांबलं तर भूकबळी जातो.

ओळखायचं कसं? हात न लावता, हातभर अंतरावरून टॉर्च मारून. पांढऱ्या पडलेल्या प्रवाळावर ओलसर, काचेसारखा पातळ थर दिसतो, एकेका खळग्यात पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा एकेक इवलासा जीव, असतो, क्वचित त्याचे इवलेसे स्पर्शकही दिसतात. रंग कधी निव्वळ पांढरा, कधी फिकट निळा वा गुलाबी. नुकतंच मेलेलंही पांढरंच असतं, आणि खरी गफलत इथेच होते. पण त्यावर मांसाचा थर नसतो. खळगे रिकामे आणि त्यांच्या कडा नुसत्या कोरल्यासारख्या धारदार. हे रूप टिकत नाही. थोड्याच दिवसांत त्यावर शेवाळाची मळकट साय धरते आणि पुढे कडा झिजतात. म्हणजे जुनं मेलेलं प्रवाळ पांढरं नसतंच, ते मातकट असतं.

गोव्याच्या गढूळ पाण्यात आणखी दोन फसवणुकी. टर्बिनारिया हे ताटलीसारखं पसरणारं प्रवाळ ग्रँडला बरंच आहे. त्याची वाढती कड मुळातच फिकी असते, तिला आजार समजू नये. आणि ताटलीत गाळ साचला की ते मेल्यासारखं करडं दिसतं. दुरून हाताने हलकंच पाणी सारलं की खाली जिवंत मांस निघतं. फ्लॅश नसलेल्या फोटोवर तर निकाल देऊच नये, त्यात सगळंच हिरवट येतं. क्वीन्सलँड विद्यापीठातून निघालेल्या कोरलवॉच या प्रवाळ-निरीक्षण उपक्रमाचं रंगपत्रक सोबत ठेवावं: एकाच वसाहतीचा (एकत्र वाढलेल्या पॉलिपांच्या एका प्रवाळाचा) सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग (वाढती कड सोडून) १ ते ६ या मापावर नोंदवायचा. पुढच्या फेरीत दोन अंकांनी घसरण दिसली तर ती दखल घेण्याजोगी.

उपायही वेगळे. पांढऱ्या पडलेल्याला एकच औषध, त्रास न देणं. जखम भरायला लागणारी ताकद त्याच्यापाशी नसते, त्यामुळे एरवी भरून आला असता तो ओरखडा इथे जिवावर बेततो. नांगर वाळूतच टाकावा, आणि दोर कमी सोडून चालत नाही म्हणून बोट फिरताना साखळी कुठवर घासेल तेही आधी पाहावं. बोट अडकवायला बांधलेला तरंगता बोया असेल तर नांगर काढूच नये. अशा उष्ण दिवसांत प्रवाळाचे तुकडे 'लावण्याचे' उपक्रम हाती घेणं म्हणजे तापाने फणफणलेल्याला शेतावर धाडणं.

मेलेलं प्रवाळही कचरा नव्हे. प्रवाळाच्या नव्या अळ्यांना बसायला असाच टणक पाया लागतो आणि लहान मासे त्याच्या कपारींत राहतात. आठवण म्हणून तुकडा उचलणाऱ्याला बोटीवरच थांबवावं. पाषाणी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

मे महिन्यात पांढरं दिसलेलं प्रवाळ वाचलं की गेलं, हे ऑक्टोबरमध्ये कळतं. पावसात पाणी इतकं गढूळ असतं की मधल्या काळात काही दिसत नाही. म्हणून मेमध्येच त्या वसाहतीची खोली, दिशा आणि जवळचा ठळक खडक लिहून ठेवावा. परतल्यावर ती तपकिरी दिसली तरी लगेच खूश होऊ नये. पाणी हलताच तपकिरी थराचे धागे डोलले तर ते शेवाळ. थर जागचा हलत नसेल आणि खळग्याखळग्यात पॉलिप बसलेले असतील, तर ते प्रवाळ.