चायना ग्रास की जिलेटिन? घरच्या साच्यासाठी दोन स्वस्त जेली

गावचं घर पाडलं तेव्हा दारावरची वीतभर लांबीची गणेशपट्टी मी जपून आणली. भावंडांना तिच्या प्लास्टरच्या प्रती द्यायच्या ठरवल्या. सिलिकॉन रबर महाग पडत होतं, म्हणून जेलीचा साचा करायचा बेत केला. दुकानात 'जेली जमवायची पावडर' मागितली आणि हातात जिलेटिनचं पाकीट आलं. साचा देखणा निघाला, लाकडाच्या रेषासुद्धा उमटल्या. त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं. अर्ध्या तासाने सोडवून बघते तर गणपतीची सोंड पोटात विरघळून गेलेली, आणि प्लास्टरवर चिकट थर. साचा आतून वितळला होता.

चायना ग्रास आणि जिलेटिन दोन्ही भुकटीच्या रूपात मिळतात, दोन्हींची जेली होते आणि दोन्ही पुन्हा वितळवून वापरता येतात. त्यामुळे 'एक नसेल तर दुसरं घ्या' असा सल्ला सर्रास मिळतो. खिरीत तो कदाचित चालेल, साच्यात नाही.

जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांतून निघतं. सुतार वापरत तो सरस म्हणजे याचाच ओबडधोबड भाऊ. अनेक घरांत ते स्वयंपाकाच्या ओट्यावर चालत नाही, हेही आधी विचारात घ्यावं. चायना ग्रास म्हणजे अगार. ते गवत मुळीच नाही, लाल समुद्री शेवाळापासून ते करतात. असं शेवाळ आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गोळा होतं. पाकिटावर नाव नसेल तर चिमूटभर पावडर चमच्यात जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आला की जिलेटिन.

खरा फरक उष्णतेत आहे. जिलेटिन साधारण 35 अंश सेल्सिअसला वितळायला लागतं. नागपूरच्या मे महिन्यात फ्रिजबाहेर ठेवलेला पातळ जिलेटिनचा साचा उभाच राहणार नाही. अगारचं वागणं वेगळं. ते विरघळायला पाणी उकळावं लागतं, गार होताना ते 35 ते 40 अंशांच्या आसपास घट्ट होतं, पण एकदा घट्ट झालं की जवळपास 85 अंशांपर्यंत वितळत नाही. गोठण्याच्या आणि वितळण्याच्या तापमानातली ही दरी साच्याच्या फार कामाची. प्लास्टर पाणी शोषून पुन्हा जिप्सम (ज्या खनिजापासून ते करतात) होतं तेव्हा गरम होतं, जाड ओतकामात 50-60 अंशांपर्यंतही जातं. (म्हणूनच मुलांचा हात कधीही ओल्या प्लास्टरमध्ये बुडवू नये, भाजतो.) जिलेटिनला ही ऊब सोसत नाही, अगारला सोसते.

नेमकी हीच अडचण जर्मनीत जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आली होती. जिवाणू वाढवायची जिलेटिनची जेली उबेत पातळ व्हायची, शिवाय काही जिवाणू तीच फस्त करायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस्से यांच्या पत्नी फॅनी घरी जेलीसाठी अगार वापरत. 1881च्या सुमारास त्यांनी ते सुचवलं आणि आजही प्रयोगशाळांच्या बशांत अगारच असतं. स्वयंपाकघरातली ती जाण मला फार मोलाची वाटते.

मग जिलेटिन टाकाऊच का? अजिबात नाही. अगारचा साचा ठिसूळ असतो, वाकवला की तडकतो. पोटाखाली वळलेली सोंड किंवा कानामागची खोबण सोडवताना हमखास फाटतो. जिलेटिन ताणलं जातं. एकोणिसाव्या शतकात युरोपातले शिल्पकार प्लास्टरच्या प्रतींसाठी याच गुणामुळे जिलेटिनचे साचे करत, आणि आतला पृष्ठभाग कडक करायला त्यावर तुरटीचं पाणी फिरवत.

माझं प्रमाण असं. अगार: 100 मिली पाण्यात 3 ग्रॅम, ढवळत दोन-तीन मिनिटं उकळायचं, वाफ ओसरली की ओतायचं. मूळ वस्तू मेणाची किंवा प्लास्टिसिनची (खेळण्यातल्या तेलकट मातीची) असेल तर जपून, गरम द्रवाने ती मऊ पडते. जिलेटिन: 100 ग्रॅम पावडर 150 मिली गार पाण्यात अर्धा तास फुगवायची, 100 मिली ग्लिसरीन घालायचं आणि गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून विरघळवायचं. उकळू द्यायचं नाही, ताकद जाते. ग्लिसरीनमुळे साचा लवचिक राहतो, लवकर वाळत नाही. लाकडाला आधी लाखेचं पॉलिश आणि वर व्हॅसलिनचा हात हवाच.

दोन्हींत पाणी असतं, त्यामुळे या साच्यांत रेझिन (ओतून कडक होणारं द्रव प्लास्टिक) ओतायच्या वाटेला जाऊ नका. पृष्ठभाग चिकट राहतो किंवा बुडबुडे धरतो. मेणबत्तीचं वितळलेलं मेण जिलेटिनमध्ये ओतायचं नाही. दोन्ही साचे दोन-तीन दिवसांत बुरशी धरतात आणि आक्रसतात, फ्रिजमध्ये झाकून ठेवले तर थोडे जास्त टिकतात. उरलेलं प्लास्टर मात्र मोरीत ओतू नका, पाइप बुजतो.

गणेशपट्टीच्या चार प्रती अगारच्या साच्यातून नीट निघाल्या. पाचव्या खेपेला सोंडेच्या वळणाशी साचा फाटला. ते तुकडे चमचाभर पाणी घालून पुन्हा उकळले आणि पट्टीचा सपाट भाग त्यात घेतला. गणपती पुन्हा जिलेटिनमध्येच, पण या वेळी साच्याला तुरटीचं पाणी लावलं, प्लास्टरचा पातळ थर कुंचल्याने फिरवला, तो गार झाल्यावर दुसरा. सोंड वळणासकट निघाली.